कोमट उष्णतेचा प्रश्न

हे पुस्तक विमानाबद्दल आहे, पण पंख आणि वैमानिक त्यात जेमतेम डोकावतात. त्यात भेटतील रेडिएटर, तेलाच्या नळ्या, बॅटरीच्या पेट्या, पंप आणि झडपा. विमानाच्या पोटात तयार होणारी नकोशी उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, हे ज्यांचं काम, त्या थर्मल इंजिनीअरांच्या विद्येची ही ओळख. विद्या विमानाइतकीच जुनी. पण कार्बनविना उडायच्या गोष्टी गंभीरपणे सुरू झाल्या आणि इतकी वर्षं कोपऱ्यात बसलेल्या या मंडळींना बैठकीत पहिल्या रांगेत बोलावणं येऊ लागलं. असं का झालं ते नीट सांगायचं तर प्रस्तावना थोडी लांबेल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पहिली शंका बहुतेकांची एकच असते. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश. मग तिथे विमान तापेलच कशाला? शंका रास्त आहे. मात्र त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीस टक्क्यांवर आलेली असते. थंडी मुबलक, पण उष्णता घेऊन जायला हवाच अपुरी. शिवाय विमान काही त्या उंचीवर उगवत नाही. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या धावपट्टीवरून, पूर्ण ताकद लावून, अगदी कमी वेगात त्याला उठावं लागतं. थर्मल इंजिनीअरची झोप उडते ती या पहिल्या काही मिनिटांच्या काळजीने. एकदा का विमान वर पोचलं, की त्याच्या बऱ्याच चिंता मिटतात आणि इतरांच्या सुरू होतात.

जेट इंजिनाने आपल्या सगळ्यांना लाडावून ठेवलं आहे. इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो हे खरं, पण तो जातो शेकडो अंश तापलेल्या झोताबरोबर, मागच्या तोंडातून, कुणीही हात न लावता. त्यासाठी रेडिएटर लागत नाही, पंखा लागत नाही. मागे उरते ती किरकोळ उष्णता: बेअरिंगांच्या तेलाची, जनरेटरची, हायड्रॉलिक्सची. तिची विल्हेवाट लावायची जुनी रीत मला तरी विमानातली सगळ्यात देखणी रचना वाटते. गरम तेलाची उष्णता जळायला निघालेल्या इंधनालाच देऊन टाकायची. तेल निवतं, इंधन थोडं तापतं, आणि ती उष्णता इंधनाबरोबर पुन्हा ज्वलनकक्षात पोचते. टाकून द्यायचं काहीच उरत नाही.

ही देखणी रचना किती नाजूक असते ते १७ जानेवारी २००८ रोजी दिसलं. बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोवर उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गवतातच आदळलं. विमानात १५२ जण होते, सगळे वाचले. टाक्यांत इंधन होतं, दोन्ही इंजिनं फिरत होती, पण मागितलेली ताकद देईनात. तपासाचा अंतिम अहवाल यायला दोन वर्षं लागली. सायबेरियावरून येताना टाकीतलं इंधन उणे ३४ अंशांपर्यंत गार झालं होतं. जेट इंधनात नियमात बसेल इतकं पाणी नेहमीच असतं. त्याचा बर्फ इंधनाच्या पाइपांच्या आतल्या अंगाला धरत गेला, आणि उतरताना इंजिनांनी जास्त इंधन ओढलं तेव्हा एकदम सुटून पुढे आला. पुढे होता तोच इंधन आणि तेलाचा हीट एक्स्चेंजर. बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून इंधन, भोवती गरम तेल. नळ्या ज्या चकतीत बसवल्या होत्या तिच्या पृष्ठभागाच्या जराशी पुढे त्यांची तोंडं आलेली होती, काही मिलिमीटरच. तिथे बर्फ अडला आणि इंधनाची वाट आवळली गेली. तो भाग सगळ्या मानकांत बसणारा होता. बर्फाचा असा एकदम लोंढा येईल हे मानक लिहिणाऱ्यांच्याच ध्यानात आलं नव्हतं. नव्या रचनेत नळ्यांची तोंडं चकतीशी सपाट केली, म्हणजे बर्फ तिथे ठाण मांडत नाही. थर्मल म्हणजे फक्त गार करणं, असं कुणी म्हणालं की मी त्यांना हा अहवाल वाचायला देतो.

आता पुढची अडचण. इंजिन जितकं काटकसरी, तितकं त्यातून कमी इंधन वाहतं, म्हणजे तेलाची उष्णता घ्यायला कमी इंधन हाताशी. त्याच वेळी उष्णतेचे धनी मात्र वाढत जातात. आपल्याकडच्या अनेक ए-३२० निओ विमानांना गिअरवालं टर्बोफॅन इंजिन आहे. त्यामुळे इंधन वाचतं, आवाज कमी होतो. पण समजा २० मेगावॉट ताकद ९९ टक्के कार्यक्षम गिअरबॉक्समधून गेली, तर उरलेला एक टक्का म्हणजे २०० किलोवॉट उष्णता झाली, आणि ती सगळी तेलात. बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी इंजिनातून गरम हवा काढून घेणं बंद केलं आणि विजेवर चालणारे कंप्रेसर बसवले. त्यापायी इंजिनांवरचे चार आणि शेपटीतल्या एपीयू या छोट्या साहाय्यक इंजिनावरचे दोन मिळून जनरेटरांची क्षमता १.४५ मेगाव्होल्ट-अँपिअरवर गेली. वीज आली की इन्व्हर्टर आले, इन्व्हर्टर आले की त्यांना गार ठेवणारं द्रवाचं वेगळं अभिसरण आलं. बचत करायला निघालेल्या प्रत्येक पावलाने थोडीशी कोमट उष्णता मागे ठेवली.

कोमट हा शब्द इथे मी जाणूनबुजून वापरतो आहे. सहाशे अंशांची उष्णता स्वतःहून पळते. सत्तर-ऐंशी अंशांची उष्णता ढकलून बाहेर काढावी लागते. शाश्वत विमानवाहतुकीवरची भाषणं उत्सर्जनाबद्दल पुष्कळ बोलतात आणि या ऐंशी अंशांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. माझ्या मते हरित विमानाचं घोडं बऱ्याच ठिकाणी इथेच अडलं आहे. पुस्तक लिहायला बसलो ते एवढ्यासाठी.

बॅटरीपासून सुरुवात करू. जेट इंधनात किलोमागे सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते; चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये २५० च्या आसपास. हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. कमी ठाऊक असतं ते हे, की सेल गार असला तर ताकद देत नाही, गरम असला तर लवकर म्हातारा होतो, आणि सुमारे १३० अंशांना त्याच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागला की मग त्याला थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही. एक सेल पेटला की त्याची उष्णता शेजाऱ्याला पेटवते. ७ जानेवारी २०१३ रोजी बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ मध्ये आठ सेलची बॅटरी अशीच पेटली. नऊ दिवसांनी ऑल निप्पॉनच्या ७८७ ला ताकामात्सुला तातडीने उतरावं लागलं आणि जगभरची ७८७ विमानं जमिनीवर बसली. त्यांत एअर इंडियाचीही सहा होती. शेवटी जो उपाय झाला त्यात सेलांमधलं इन्सुलेशन वाढवलं, आणि मुख्य म्हणजे बॅटरीला पोलादी पेटी आणि त्या पेटीतून थेट विमानाबाहेर जाणारी नळी दिली. म्हणजे, सेल पेटणारच नाही अशी हमी कुणी दिली नाही; पेटला तर आग आणि धूर कुठून जाईल ते पक्कं केलं. या व्यवसायातला समंजसपणा मला त्या नळीत दिसतो.

नासाच्या एक्स-५७ या विजेच्या विमानाची बॅटरी २०१६च्या डिसेंबरातल्या चाचणीत, एका सेलची आग शेजाऱ्यांपर्यंत पोचू न देण्याच्या परीक्षेत, नापास झाली आणि पेटीची रचना नव्याने करावी लागली. ते विमान अखेर उडालंच नाही. २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. पण त्या बॅटरीवरचे त्यांचे अहवाल आज कुणालाही वाचता येतात, आणि या पुस्तकातलं एक आख्खं प्रकरण त्यांच्या जोरावर उभं आहे. उलट बाजूला पिपिस्ट्रेल कंपनीचं दोन आसनी व्हेलिस इलेक्ट्रो हे विमान. जून २०२० मध्ये युरोपात पूर्ण प्रमाणपत्र मिळालेलं पहिलं विजेचं विमान. बॅटरी आणि मोटर दोन्ही द्रवाने गार होतात. उड्डाण तासाभराच्या आतलं, शिकाऊ वैमानिकांसाठी. लहान आहे म्हणून त्याला कुणी हसू नये.

आता हायड्रोजन. इथे मात्र मला वाचकाला हाताशी धरून थोडं गणित करायचं आहे, कारण साऱ्या गोष्टीचं मर्म त्यात आहे. हायड्रोजन न जाळता त्यातून थेट वीज काढणारा फ्युएल सेल साधारण पन्नास टक्के कार्यक्षम धरू. म्हणजे एक मेगावॉट वीज काढली की जवळपास एक मेगावॉट उष्णता सोबत आली. जेट इंजिनाच्या हिशेबात हे कौतुकास्पद ठरेल, पण त्या उष्णतेला बाहेर घेऊन जाणारा झोत इथे नाही. बाहेर पडते ती थोडी वाफ आणि थोडी हवा. बाकीची सगळी उष्णता ऐंशी अंशांच्या द्रवात बसलेली असते. एक मेगावॉट म्हणजे किती? घरातला दीड टनाचा एसी पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता खोलीबाहेर फेकतो. असे दोनशे एसी.

नागपूरची दुपार, ४५ अंश. शीतक ८० अंशांवर. हातात फरक ३५ अंशांचा, आणि रेडिएटर तो पूर्ण वापरू शकत नाही. हवा पंचवीस अंशांनी तापली तरी पुष्कळ म्हणायचं. एवढ्यावर एक मेगावॉट उष्णता न्यायची तर दर सेकंदाला सुमारे ४० किलो हवा, म्हणजे छत्तीस-सदतीस घनमीटर, रेडिएटरमधून जायला हवी. आपल्याकडे छोटी शहरं जोडणाऱ्या एटीआर-७२ च्या आकाराच्या विमानाला उड्डाणासाठी दोन्ही इंजिनं मिळून चारेक मेगावॉट लागतात. चारने गुणा. ही हवा आत घ्यायला तोंड हवं, तिला ढकलायला पंखे हवेत, पंख्यांना वीज हवी, त्या विजेची पुन्हा उष्णता. आणि वर गेल्यावर तेच मोठालं तोंड वाऱ्याला अडवत राहणार. सात किलोमीटरवर बाहेर उणे तीस अंश, फरक एकशे दहा अंशांचा, तिथे खरं तर लहान रेडिएटर पुरला असता. पण नागपूरसाठी बांधलेला मोठा रेडिएटर प्रवासभर वाहत न्यावा लागतो.

इथे चलाख विद्यार्थी हमखास विचारतो: द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो ना? मग त्याचीच थंडी वापरा. कल्पना सुरेख आहे. हिशेब मात्र असा: एक मेगावॉट विजेसाठी दर सेकंदाला जेमतेम सतरा ग्रॅम हायड्रोजन लागतो. तो उकळवून फ्युएल सेलच्या तापमानापर्यंत आणला तरी त्यात साधारण ऐंशी किलोवॉट उष्णता मावते. गरज एक हजार किलोवॉटची. हायड्रोजन इतका ऊर्जावान आहे की तो फार थोडा लागतो, आणि थोडा लागतो म्हणून थंडीही थोडीच देतो. हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मला निसर्गाचा थोडा रागच आला होता. त्या थंडीचा खरा उपयोग वेगळीकडे आहे, मोटर आणि केबल्स अतिवाहक अवस्थेत ठेवण्यासाठी. त्यावर सातव्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे.

मग वाट कोणती? एक म्हणजे फ्युएल सेलच जास्त तापू द्यायचा. १६० ते १८० अंशांवर चालणारे सेल आहेत. नागपुरात फरक पस्तीसचा सव्वाशेवर जातो आणि रेडिएटर एकदम आटोपशीर होतो. पण त्या सेलांचं आयुष्य आणि त्यांची ताकद यांवर अजून झगडा चालू आहे. दुसरी वाट नव्वद वर्षं जुनी. एफ. डब्ल्यू. मेरेडिथ या ब्रिटिश संशोधकाने १९३५ मध्ये दाखवून दिलं की रेडिएटर उघड्यावर न टांगता नीट घडवलेल्या बोगद्यात बसवला, आत येणारी हवा आधी मंदावली, मग तापवली आणि निमुळत्या तोंडातून सोडली, तर तापलेली हवा विमानाला थोडं पुढेही ढकलते, आणि रेडिएटरमुळे झालेल्या अडथळ्याची बरीच भरपाई होते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली दिसणारा फुगवटा तो हाच. पिस्टन इंजिनं मागे पडली आणि ही विद्या दप्तरात गेली. आता हायड्रोजनच्या विमानांवर काम करणारे तरुण इंजिनीअर ते जुने अहवाल पुन्हा उघडून बसले आहेत.

आणि विमानं उडाली आहेत, हेही सांगायला हवं. सोव्हिएत टुपोलेव्ह-१५५ ने एप्रिल १९८८ मध्येच द्रव हायड्रोजनवर एक इंजिन चालवून दाखवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये झिरोएव्हिया कंपनीचं डॉर्निअर २२८ एका बाजूला फ्युएल सेलची मोटर लावून उडालं. याच जातीचं विमान आपल्या कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) बनवतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत युनिव्हर्सल हायड्रोजनचं डॅश-८ उडालं, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी बंद पडली. एअरबसने २०२० मध्ये हायड्रोजनच्या प्रवासी विमानासाठी २०३५ चा वायदा केला होता. २०२५ मध्ये तो पुढे ढकलला. मला यात नवल वाटत नाही, आणि निराशाही वाटत नाही. तारखा जाहीर करणाऱ्यांनी आधी रेडिएटरचा आकार विचारला असता तर त्या वेगळ्या निघाल्या असत्या, इतकंच.

तोवर जवळचा मार्ग शाश्वत विमान इंधनाचा. २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला जट्रोफापासून केलेल्या इंधनाच्या मिश्रणावर विमान गेलं. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली हे उड्डाण पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेल्या इंधनाचा अंश घेऊन झालं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला एक टक्का, २०३० ला पाच टक्के, असं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. यात थर्मलवाल्यांना काम नाही असा समज आहे. इंजिन तेच, विमान तेच, मग काय उरलं? उरतं ते इंधन तापल्यावर कसं वागतं ते. त्याची चाचणी पाहण्यासारखी असते. पेन्सिलीएवढी, चकचकीत घासलेली ॲल्युमिनियमची नळी २६० अंशांवर तापवतात आणि अडीच तास तिच्या अंगावरून इंधन वाहू देतात. मग नळी बाहेर काढून तिच्यावर चढलेला रंग ठरावीक रंगपट्टीशी ताडून पाहतात. स्वच्छ राहिली तर उत्तम. पिवळसर, मग तांबूस, मग मोराच्या पिसासारखी रंगीत झाली, तर तेच किटण उद्या इंजिनाच्या बारीक छिद्रांत बसणार. नव्या इंधनांपैकी बरीचशी या बाबतीत जुन्यापेक्षा सरस आहेत. त्यांची अडचण भलतीच: त्यात ॲरोमॅटिक घटक नसतात, आणि जुन्या विमानांतली रबरी सीलं त्या घटकांमुळे फुगून घट्ट बसण्याची सवय लावून घेतलेली. सील सैलावलं की इंधन ठिबकतं. म्हणून आज निम्म्यापर्यंतच मिसळायची परवानगी आहे.

रोजचं काम कसं असतं, हे तरुण वाचक हटकून विचारतात. सकाळ बहुधा दुसऱ्या विभागांशी भांडण्यात जाते. विजेवाले म्हणतात आम्हाला आणखी वीस किलोवॉट लागतील. वजनवाले म्हणतात तुमचा पंप दोन किलोने कमी करा. एरोडायनॅमिक्सवाल्यांना हवेचं तोंड नकोच असतं. प्रत्येकाने घेतलेल्या निर्णयाची उष्णता आपल्या टेबलावर येते, आणि आपण नाही म्हणेपर्यंत डिझाइन गोठलेलं असतं. दुपारी सिम्युलेशन. पुण्यात, बंगळुरात, ब्रिस्टलला, तुलूजला मराठी पोरं-पोरी हेच करत बसलेली असतात, आणि पडद्यावरचे लाल-निळे रंग पाहून घरच्यांना ते फार भारी वाटतं. मला विचाराल तर खरं शिक्षण टेस्ट रिगवर होतं.

एक उदाहरण. इन्व्हर्टरचं मॉड्यूल थंड पाण्याच्या ॲल्युमिनियम पाटावर बसवायचं असतं. मध्ये थर्मल पेस्टचा थर, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. गणितात तो सपाट असतो. प्रत्यक्षात स्क्रू एका कोपऱ्यातून आवळत गेलो की पाट किंचित वाकतो, पेस्ट एका बाजूला सरकते आणि मधोमध हवेचा पापुद्रा राहतो. हवा पेस्टपेक्षा शंभरपट वाईट वाहक. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, चिकटवलेल्या सहा जागा गणिताप्रमाणे वागतात आणि सातवी जागा चाळीस अंश वर. मॉड्यूल उचकटून पाहिलं की पेस्टमध्ये रुपयाएवढा कोरडा डाग. यावर उपाय आहे: स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळायचे. लहान कारागीर जे जाणतो तेच. पण इलेक्ट्रॉनिक्सचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं हा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम. त्या डागाची किंमत त्यावरून काढा.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडंसं. पहिली चार प्रकरणं आजच्या विमानांची, पाचवं बॅटरीचं, सहावं, सातवं आणि आठवं हायड्रोजनचं, आणि ती सगळ्यात जाड आहेत. शाश्वत इंधनाला एकच प्रकरण दिलं, ते त्याचं महत्त्व कमी म्हणून नव्हे, त्यातला उष्णतेचा भाग तेवढाच आहे म्हणून. स्वनातीत विमानं वगळली. त्यांचा हरित उड्डाणाशी संबंध जोडणं मला जमलं नाही. बारावीचं भौतिकशास्त्र पुरेल, मात्र कागद-पेन्सिल जवळ हवी. वर दिलेला नागपूरचा हिशेब दिल्लीच्या जानेवारीसाठी करून पाहा; लेहसाठी करताना हवेची घनता बदलायला विसरू नका.

शेवटचं प्रकरण प्रमाणपत्रांचं आहे आणि ते अपुरं आहे. फ्युएल सेलवर चालणाऱ्या प्रवासी विमानाचा रेडिएटर हवेत फुटला तर काय, चारपैकी एक शीतक पंप बंद पडला तर किती मिनिटं उडता यावं, या प्रश्नांची सर्वांना लागू होणारी उत्तरं अजून नियमांत उतरलेली नाहीत. युरोप आणि अमेरिकेतल्या नियामक संस्था त्यावर काम करत आहेत. त्या प्रकरणात प्रश्न मांडून ठेवले आहेत. उत्तरं ठरली की पुढच्या आवृत्तीत ती भरता येतील.